गावाला गेलेली माणसं

आमच्या सिनेमाच्या ग्रुपचं नाव तीन संस्कृत शब्दांचं आहे आणि त्यातला मधला शब्द अध्यक्षांनाही एका दमात म्हणता येत नाही. म्हणून सगळे नुसतं ग्रुप म्हणतात. ग्रुप मोबाइलवर चालतो. शुक्रवारी सकाळी कुणीतरी एकजण सिनेमा सुचवतो, शनिवार-रविवारात तो आपापल्या घरी बघायचा आणि रविवारी संध्याकाळपासून प्रतिक्रिया टाकायच्या. हिंदी आणि इंग्रजी सिनेमा सुचवायचा नाही, आणि नुसता अंगठा दाखवून सुटायचं नाही, असे दोन नियम आहेत. किनवटकडे वसतिगृह सांभाळणारे एकजण रेंज नाही म्हणून रेल्वे स्टेशनवर येऊन सिनेमा उतरवून घेतात. देगलूरचे एक औषधविक्रेते कुठलाही सिनेमा पाहिला तरी तेलुगूत हाच विषय आधी आणि बरा झालाय असं कळवतात.

अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राचार्य. मोबाइलवरच्या ग्रुपला अध्यक्ष कशाला, असं कुणी विचारलं नाही. नांदेडात चार माणसं चहाला जमली तरी त्यातला एक अध्यक्ष होतो आणि उरलेल्यांतला एक आभार मानतो.

या सगळ्यात खरा बघणारा एकच होता. लातूरला त्याचं भांड्यांचं दुकान. नांदेडला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो आणि टॉकीजच्या पुढच्या रांगेत मान वर करून बसायचो. ते टॉकीज पाडून तिथं मंगल कार्यालय झालं, मी ग्रंथालयात चिकटलो, तो वडिलांच्या दुकानात गेला. दोघांचे केस गेले, पण त्याची नजर गेली नव्हती, असं मी समजत होतो. त्याच्या प्रतिक्रिया आखूड असत. नायक तीनदा दार उघडतो, तिसऱ्यांदा आत कुणी नसतं, सिनेमा तिथंच संपायला हवा होता, एवढंच लिहायचा. अध्यक्षांच्या दोन पानी मजकुरानंतर ते वाचलं की जेवणानंतर ताक प्यायल्यासारखं वाटे.

मागच्या वर्षी कधीतरी त्याच्या मजकुरातली विरामचिन्हं गेली. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, सगळी वाक्यं एकमेकांत शिरलेली. अध्यक्षांनी ही नवी शैली असल्याचं जाहीर केलं. नंतर मजकूरच चमत्कारिक यायला लागला.

एक सिनेमा कोळ्याचा होता, कुठल्यातरी थंड देशातला. कोळ्याची मुलगी बुडते आणि उरलेला अर्धा सिनेमा बाप किनाऱ्यावर बसून असतो. आमच्या मित्रानं लिहिलं की मुलगी न सांगता गावाला गेली, बाप वाट बघतो ते ठीक, पण तो एकदाही स्टँडवर जाऊन चौकशी करत नाही हे पटत नाही. मग अध्यक्ष आले. मृत्यूला प्रस्थान मानणारी ही अस्सल भारतीय जाणीव आहे, असं त्यांनी लिहिलं, आणि ज्यांना काहीच कळलं नव्हतं त्या सगळ्यांना ते एकदम पटलं. पुढं एक सीमेवरच्या सैनिकांचा सिनेमा झाला. त्यावर मित्राचं म्हणणं असं, की त्या गावात लग्नसराई चांगली दाखवलीय पण फटाके फार वाजतात. युद्धाला विवाहाची उपमा, म्हणून अध्यक्ष दिवसभर हेलावलेले होते.

मला वाटलं, गडी अध्यक्षांची मजा घेतोय. मला आनंदच झाला. मी त्याला वेगळा निरोप पाठवला, चालू दे. त्याचं उत्तर आलं, काय चालू दे.

उन्हाळ्यात बहिणीच्या मुलीला लातूरला क्लासला घालायचं होतं. अर्धा मराठवाडा त्या दिवसांत आपली मुलं घेऊन तिथं खोल्या शोधत फिरत असतो. पोरीची खोली ठरल्यावर मी संध्याकाळी मित्राच्या घरी गेलो. दारातच अंगणाच्या भिंतीवर ओले कपडे पसरलेले होते, लुगडं बाजेवर वाळत घातलेलं होतं. एक सदरा घसरून मातीत पडला होता, तो मी उचलून परत भिंतीवर टाकला. समोरासमोरच्या भिंतींत दोन हूक होते, मधे दोरी नव्हती.

मित्र खुर्चीवर बसलेला होता. मी आवाज दिला तसा माझ्या जरा डावीकडं बघून हसला. वहिनींनी पाणी आणलं तेव्हा त्याचा हात पेल्याच्या बाजूनं गेला, मग परत आला. मी काही विचारायच्या आत त्यानंच सांगून टाकलं. शुगरनं डोळे खाल्ले. आधी एक, मग दुसरा. हैदराबादला जाऊन लेझर करून आला, उशीर झाला होता. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. डॉक्टर म्हणाला डोळ्याचा पडदा खराब झालाय, तर हा म्हणाला टॉकीजचाही कधीच झाला.

ग्रुपवर टाकायचा मजकूर तो फोनपुढं बोलायचा, फोन लिहून घ्यायचा. फोनला पूर्णविराम कळत नव्हते. नव्या शैलीचा उगम हा.

ग्रुपात कुणाला सांगितलं नाहीस, असं मी म्हणालो.

"दुकानात समद्यांला ठाऊक हाय," तो म्हणाला. "पुतण्या गल्ल्यावर बसतो आन मला बाजूला ठिवतो, शोकेसातल्या कळशीवानी. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडं बघून हळू बोलतंय, घरात कुणी मयत झाल्यासारखं. ग्रुपात कुणी हळू बोलत न्हाई. तेवढं राहू दे."

मी राहू देतो म्हणालो.

दिवेलागण झाली. वहिनींनी हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला, कपाळाला विभूती लावली आणि टॅब घेऊन त्याच्याशेजारी बसल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सिनेमाची त्यांना कधीच आवड नव्हती. आता पडद्यावर खाली येणारं इंग्रजी वाचून, वर काय चाललंय ते बघून, त्या सगळा सिनेमा नवऱ्याला मराठीत सांगत होत्या, तोही वर्गात धडा समजावून द्यावा तसा. त्या आठवड्याचा सिनेमा डोंगराळ मुलखातल्या एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचा होता. दुकान चालत नाही, हात थरथरतात, चाकं बसत नाहीत.

"बाई आली. लाल कोट हाय अंगात. त्याचीच बायको. ती म्हणायलीय, भाकर खाल्ली का. तो कायबी बोलत न्हाई."

त्या थंड देशात भाकरी कुठून आली असं मी विचारलं नाही. खरं म्हणजे तो सिनेमा मला त्यांच्या तोंडून जास्त कळत होता.

शेवटाकडं म्हातारा दुकानाचं शटर आतून ओढून घेतो. पुढच्या दृश्यात सकाळ होते, शेजारी शटर उचकटतात. कॅमेरा आत जात नाही. बाहेर उभी असलेली माणसं एकेक करून डोक्यावरच्या टोप्या काढतात, तेवढं दिसतं आणि सिनेमा संपतो.

"दुकान वाढवलं त्यानं," वहिनी म्हणाल्या. "आन गावाला गेला."

"मग ही माणसं कशाची बोलायलीत?"

"त्याला सोडायला आलीत."

"कोणत्या गावाला?"

"सांगितलं न्हाई."

"सांगायला पाहिजे होतं," मित्र म्हणाला, आणि लगेच फोन मागून घेऊन आपली प्रतिक्रिया बोलला. म्हाताऱ्याला निरोप द्यायला सगळा बाजार आला, एवढा मान हल्ली कुणाला मिळतो, अशी काहीतरी ती होती.

मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघून नको अशी मान हलवली, अगदी थोडी, आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. चहाचे पेले ठेवायचं निमित्त करून मी मागं गेलो.

त्यांनी हळू आवाजात सांगितलं. सुरुवातीला त्या सगळं खरं सांगायच्या. मग एक सिनेमा असा आला की त्यातला माणूस जिवाचं बरंवाईट करून घेतो. मित्रानं त्यांना विचारलं, कसं केलं त्यानं? त्यांनी सांगितलं. जेवताना त्यानं परत विचारलं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी तिसऱ्यांदा विचारलं. रडत नव्हता, चिडलेला नव्हता.

"भाव विचारावा तसं विचारायले, भावजी," त्या म्हणाल्या. "शांतपणे. मी त्याच दिवशी अंगणातली दोरी काढून पेटीत ठिवली. आन तवापासून सिनेमात कुणाला मरू देत न्हाई."

मी हातातले पेले मोरीत ठेवले. त्यांनीच मला सोपं करून दिलं. म्हणाल्या, दिवा लावल्यावर घरात असलं तोंडातून काढत न्हाईत, म्हणून मी सांगत न्हाई, तुम्हीबी तसंच समजा.

तसं समजायला अवघड नव्हतं. आमच्याकडं दुकान बंद होत नाही, वाढवलं जातं. दिवा विझत नाही, त्याला निरोप देतात. घरातून निघालेला माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. या बाईंनी एवढंच केलं होतं की घरातली रीत परक्या देशांच्या सिनेमांना लावली होती. अध्यक्षांना त्यात भारतीय जाणीव दिसली ती तशी चूक म्हणता येणार नाही. फक्त ती जाणीव कुणाची आणि कशाच्या भीतीनं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नांदेडला आल्यावर मी ग्रुपवर, ज्यात कुणी मरत नाही असे सिनेमे सुचवायचा प्रयत्न केला. असे सिनेमे शोधायला किती त्रास पडतो हे तेव्हा कळलं. मरण नसलं की आमच्या ग्रुपला सिनेमा हलका वाटतो. एका विनोदी सिनेमावर मुदखेडच्या, रेल्वेत नोकरीला असलेल्या एका सदस्यांनी हे काय लावलंय म्हणून विचारलं, आणि अध्यक्षांनी मला अभिरुचीवर चार शब्द ऐकवले. वहिनींचं काम चालूच राहिलं.

मग वार्षिक मेळावा आला. वर्षभरातल्या उत्तम रसिकाचा सत्कार करायची टूम अध्यक्षांची, आणि रसिक कोण ते उघडच होतं. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की लातूरच्या गृहस्थांची तब्येत बरी नसते, प्रवास झेपायचा नाही. तब्येतीचं खरं कारण सांगायचं नाही असा शब्द दिला होता, त्यामुळं माझं बोलणं लंगडं पडलं. अध्यक्ष म्हणाले, तब्येत बरी नाही तर मग सत्कार आत्ताच व्हायला हवा. सत्काराबाबत आमच्याकडं अशी घाई नेहमीच असते. वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, त्यांनी स्वतः इस्त्रीचे कपडे मागितलेत, किती महिन्यांनी घर-दुकान सोडून बाहेर पडायलेत, मी कशाला मोडता घालू.

मेळावा एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये होता, खाली कुणाचातरी साखरपुडा चालू होता. मित्र पुतण्याच्या जीपमधून आला. वहिनींनी त्याच्या कोपराला धरून त्याला अशा बेतानं वर आणलं की बघणाऱ्याला तो जोडप्याचा थाट वाटावा. त्यानं सगळ्यांच्या आवाजावरून सगळ्यांना ओळखलं. कुणाला काही कळलं नाही. किनवटच्या अधीक्षकांनी तर त्याला आपल्या मोबाइलवर काहीतरी दाखवलं आणि त्यानं, वा, म्हटलं.

शाल घातली, नारळ हातात दिला आणि अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांचं भाषण तयारीचं होतं. वर्षभरातल्या सिनेमांची यादीच त्यांनी काढून आणली होती. ही बुडालेली मुलगी पहा, ते म्हणाले. हे सीमेवर गोळ्या लागून पडलेले जवान पहा. हा शटरच्या आत स्वतःचं आयुष्य संपवणारा घड्याळजी पहा. तुम्हाआम्हाला प्रेतं दिसली. आमच्या या लातूरच्या मित्रानं त्यांतल्या एकालाही मेलेलं पाहिलं नाही, सगळ्यांना गावाला धाडलं.

टाळ्या पडल्या. मी मित्राकडं बघत होतो. चेहऱ्यावर काही नव्हतं. हातातला नारळ मात्र तो हळूहळू फिरवत होता, गिऱ्हाइकानं दाखवलेल्या भांड्याला कुठं पोचा आहे का बघावं तसा. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. शेजारच्या बाई समजुतीनं म्हणाल्या, आनंदाचं पाणी आहे, येऊ द्या.

अध्यक्षांनी त्याला दोन शब्द बोलायची विनंती केली. माइक त्याच्या हाताला लागेपर्यंत जरा वेळ गेला.

"मला जसं दिसलं," तो म्हणाला, "तसं मी लिहिलं."

त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या वाक्याला मिळाल्या.

निघताना जीपचं दार मी लावत होतो. आत अंधार होता. त्यानं बायकोला एकच विचारलं, "शटरवालाबी?" वहिनी म्हणाल्या, चहा घेतला का तुम्ही, घेतला नसेल तर रस्त्यात लोह्याला थांबू. जीप गेली.

पुढचे दोन-तीन आठवडे वहिनींचे फोन येत होते. तो जेवत होता, झोपत होता, दुकानात जाऊन खुर्चीवर बसत होता. सिनेमा लाव म्हणत नव्हता. कशाबद्दलच काही विचारत नव्हता, आणि वहिनींना त्याचीच धास्ती वाटत होती. शुक्रवारचे सिनेमे त्याच्यावाचून गेले. अध्यक्षांनी लिहिलं की मौन हीदेखील प्रतिक्रिया असते. मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

मी गेलो तेव्हा तो अंगणात बाजेवर बसला होता, पाठीमागं भिंतीवर कपडे. त्यानं इकडतिकडची विचारपूस केली नाही.

"तो घड्याळाचा सिनेमा लाव," तो म्हणाला. "ह्या बारीला तू सांग."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. या वेळी त्यांनी मान हलवली नाही, हो नाही की नको नाही. आत गेल्या. थोड्या वेळानं भाकरी थापायचा आवाज यायला लागला.

मला त्यांच्यासारखं सांगता येत नाही. मी अडखळत होतो, कॅमेरा कुठं आहे ते सांगत बसत होतो. त्यानं मला थांबवलं नाही. कोट लाल आहे, हे मी सांगितलं. हात थरथरतो, छोटं चाक टेबलाखाली पडतं, म्हातारा ते शोधत नाही, हेही सांगितलं. मग शटर आलं, मग सकाळ.

"गर्दी आहे," मी म्हणालो. "शटर उचकटलं. माणसांनी टोप्या काढल्या. तो मेलाय."

"कसं केलं त्यानं?"

आत थापायचा आवाज थांबला.

"दाखवलेलं नाही."

"खरं सांगायलास, का तूबी गावाला धाडायलास?"

"खरं. कॅमेरा आत जातच नाही."

मी टॅब बंद करायला हात पुढं केला.

"त्याची बायको होती न्हवं," तो म्हणाला. "लाल कोटवाली. ती कुठं हाय?"

मी चित्र मागं नेलं. पहिल्या दोन्ही वेळांना मी तिच्याकडं पाहिलंच नव्हतं. टोप्या काढणाऱ्या माणसांवर नजर जाते, कारण दिग्दर्शकानं ती तिकडंच नेलीय.

"मागं उभी आहे. गर्दीच्या मागं. तिला पुढं येऊ देत नाहीत. हातात डबा आहे."

"जेवणाचा?"

"जेवणाचा असावा. रोज आणते ती."

"मग तिचं पुढं काय झालं?"

"तेही दाखवलं नाही. तिथंच संपतो."

"मंग अर्धाच हाय हा सिनेमा," तो म्हणाला. नंतर मला नव्हे, स्वयंपाकघराच्या दिशेला तोंड करून जरा मोठ्यानं, "डब्याचं तू सांगितलंच न्हाईस गं."

जरा वेळानं भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण आधीच्या लयीत नव्हे.

त्यानं फोन मागितला आणि ग्रुपवर तेवढंच बोलला, की सिनेमा अर्धा आहे, बाईचं काय झालं ते दाखवलेलं नाही. काही महिन्यांपूर्वीच्या सिनेमावर आता पुन्हा प्रतिक्रिया का, असं कुणीतरी विचारलं. अध्यक्षांनी खुल्या शेवटाच्या परंपरेवर लिहायला घेतलं. ते मी त्याला वाचून दाखवलं नाही.

आम्ही जेवलो. त्याच्या ताटात कुठं काय वाढलंय ते वहिनी सांगत होत्या, उजवीकडं भाजी, डावीकडं चटणी, आणि तो बोटांनी शोधून खात होता. मधेच त्यानं विचारलं, तू जेवलीस का. त्या म्हणाल्या, मागून बसते. बस आत्ताच, तो म्हणाला. त्या बसल्या नाहीत, पण पाट ओढून आमच्याजवळ आणून ठेवला.

निघताना वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या. ऊन उतरलं होतं आणि भिंतीवरचे कपडे खालच्या अंगाला अजून ओलसर होते, एका धोतराला चुन्याचा डाग पडला होता. दोन्ही हूक तसेच रिकामे होते. माझी नजर तिकडं गेलेली त्यांनी बघितली.

"भिंतीवरबी वाळतेतच की," त्या म्हणाल्या.